पाठ झालेली चिठ्ठी

गोटीरामला कुणी विचारलं, "काय रं, मशीन चाललंय ना बरं?" तर तो "चाललंय" एवढंच म्हणतो आणि गाईला पाणी पाजायचं निमित्त काढून उठतो. मशीन खरंच बरं चाललंय. आमच्या शेतकरी गटाच्या शेडात जाऊन बघा, सेकंदाला बावीस टमाटी निवडतंय, इकडचं एक तिकडं जात नाय. तरी त्याला तो विषय नको असतो. का नको असतो ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी पट्ट्यावर माल ओतणारे आम्ही चौघं होतो, त्यातला एक मी.

त्याच्या बांधाला माझा बांध. निफाडच्या अलीकडं, गोदेच्या कडेला आमचं गाव. घरटी भाजीपाला, थोडी फुलं आणि पावसाळा सरता सरता टमाटी. गोटीरामला त्याच्या बापानं नाशकात डिप्लोमाला घातलं. तिथून तो सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला चिकटला तो तेवीस वर्षं. मशीन बिघडलं की बाकीचे दोन पावलं मागं सरायचे, हा दोन पावलं पुढं. कॉम्प्युटरचं त्याला कुणी शिकवलं नाय. मशिनींबरोबर जाडजूड पुस्तकं यायची, ती तो जेवणाच्या सुट्टीत भाकरी मोडत मोडत वाचायचा. दीपमाला, म्हणजे त्याची बायको, सांगायची, "ह्यांच्या पुस्तकाच्या पानापानावर हळदीचे डाग हायेत, पण बाजारातून हळद आणा म्हणलं तर ध्यानात ऱ्हात नाय."

कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा हा पन्नाशीच्या आत घरी आला. दुसरा कुणी असता तर पारावर बसला असता. ह्यानं भंगारातून एक जुना पट्टा आणला, त्याला मोटर लावली, वर चार कॅमेरे टांगले आणि पत्त्यांच्या जोडाएवढा एक कॉम्प्युटर जोडला. टमाटी निवडायचं मशीन.

आता टमाटी निवडणं म्हणजे काय, हे ज्यानं फक्त पिशवी भरून घरी नेली त्याला सांगावं लागंल. साळूबाई आमच्या गटातली मोठी बागायतदार, तिचा माल लांब जातो, दिल्लीकडं. चार दिवस ट्रकात तग धरला पाहिजे. तिला लागतं गोल, टणक, सगळीकडून सारखं रंगलेलं. देठापाशी खांदा हिरवा दिसला की ते टमाटं बाद. आणि ठमाबाई, गोटीरामची चुलत वहिनी, ती लावते गावठी वाण. चपटं, चुण्या पडलेलं, आंबट. त्याचा खांदा शेवटपर्यंत हिरवाच राहतो, ते पिकतं आतून. नाशकातल्या खानावळीवाल्या बायका तेच मागून घेतात, कारण रस्सा त्याचाच होतो. म्हणजे एकीचं जे बाद, ते दुसरीचं सोनं. अशी दर घराची नजर वेगळी.

बाजारातल्या तयार मशिनीला तीन बटणं असतात, मोठं, मधलं, बारीक. गोटीराम म्हणाला, बायकांच्या नजरेला तीन बटणं कशी पुरतील? म्हणून त्यानं बटणंच ठेवली नायत. त्यानं मशिनीला चिठ्ठी वाचायला शिकवलं. ज्या घरचा माल, त्या घरच्या बाईनं आपल्या शब्दांत चिठ्ठी लिहायची, मशिनीनं ती वाचून वागायचं. साळूबाईची चिठ्ठी अशी:

जर खांदा हिरवा तर मागं
जर डाग मोठा तर मागं
नायतर पुढं

पुढं म्हणजे वीस किलोच्या जाळीत. मागं म्हणजे भिंतीतल्या भोकातून पलीकडच्या ट्रॉलीत, तिथून जनावरांपुढं.

आमच्या गटाचा अध्यक्ष समर्थ, शेतकी कॉलेज शिकलेला. त्यानं ती चिठ्ठी बघितली आणि म्हणाला, "काका, 'नायतर' कसं दिसतंय ते. 'अन्यथा' करा, जरा बरं वाटंल."

गोटीराम म्हणाला, "अन्यथा म्हणणारा एक तरी माणूस टमाटी तोडायला येतो का? आला की करतो."

'नायतर' राहिलं. मला त्या शब्दाचा अजून अभिमान आहे. आमच्या तोंडातला शब्द पडद्यावर उभा राहतो आणि लोखंड त्याचं ऐकतं, हे आमच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं.

ठमाबाईचं शिक्षण तिसरीपर्यंत. वाचता येत होतं, लिहायचा हात सुटून चाळीस वर्षं झालेली. धोंडीराम, तिचा नवरा, गेला त्यालाही बारा वर्षं होऊन गेली. गोटीरामनं तिच्यासाठी कीबोर्डच्या बटणांवर कागद चिकटवून अक्षरं मोठी काढून दिली. ती महिनाभर रोज दुपारी जेवणं झाली की यायची आणि एका बोटानं टोचत बसायची. बाकीच्या बाया हसायच्या, "ठमाबाय आता कलेक्टर व्हती बघा." ती म्हणायची, "झाले तर पयल्यांदा तुमचाच रस्ता खोदीन." एक दिवस तिनं स्वतः पहिली ओळ बदलली, 'जर खांदा हिरवा तर पुढं' असं लिहिलं आणि तिची हिरव्या खांद्याची टमाटी एकामागं एक पुढं यायला लागली. तिनं त्यातलं एक उचलून हातात धरलं. मंग म्हणाली, "भावजी, माझं आसं आजपर्यंत कुणी ऐकलं नाय. तुमचे भाऊ व्हते तव्हा त्यांनी बी नाय."

एकच खोट होती. मशीन हळू होतं. सेकंदाला चार टमाटी.

मी एकदा बांधावर त्याला विचारलं, एवढं सगळं येतं मंग हळू का? त्यानं उसाचं पाचट हातात घेऊन मला समजावलं. "हे बघ, मशिनीला मराठी येत नाय अन् इंग्रजी बी येत नाय. तिची तिची एक भाषा हाय, निस्त्या आकड्यांची. म्हणून मी मधी दुभाष्या बसवलाय. तो चिठ्ठीतली ओळ वाचतो, मशिनीला तिच्या भाषेत सांगतो. मंग दुसरी ओळ वाचतो, सांगतो. आता एका टमाट्याचे कॅमेऱ्यात हजारो ठिपके दिसत्यात. दर ठिपक्याला हा गडी चिठ्ठी वरपासून खालपर्यंत परत वाचतो. आत्ताच वाचली, आसं त्याच्या मनात बी येत नाय."

"मंग बावळटच हाय की."

"बावळट नाय रं," तो म्हणाला, "लय इमानदार हाय. तू मधीच चिठ्ठी बदल, पुढच्या ठिपक्याला त्याला नवीन कळलेलं आसतं."

पण इमानदारीवर पिकअप थांबत नाय. पिंपळगावच्या बाजाराला जाणारी आमची गाडी बाराला निघते आणि तिसऱ्या तोड्याला माल एवढा वाढला की बारा वाजता निम्मा शेडातच. समर्थनं एका कंपनीच्या माणसाला बोलावून तयार मशीन बघितलं. तीन बटणांचं, सेकंदाला वीस टमाटी. तो शेडात सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, चिठ्ठी लय भारी हाय तुमची. पण दसऱ्यापर्यंत वीस झाली पायजेल. नाय झाली तर ते मशीन आणावं लागंल, मला दुसरा विलाज नाय."

ते मशीन आलं असतं तर चिठ्ठी गेली असती, आणि तिच्याबरोबर ठमाबाईचं टमाटं शेडातून गेलं असतं. तिला ते लगेच समजलं. "भावजी," ती म्हणाली, "तीन बटणांच्या मशिनीला माझं टमाटं दाखवलं तर ती म्हणंल, हे टमाटंच नाय. काय करायचं ते करा, पण वीस करा."

गोटीराम दोन महिने ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसला. परदेशातल्या लोकांनी लिहिलेलं वाचायचा, वहीत उतरवायचा, खोडायचा. त्यानं शोधलं त्याला जस्ट इन टाइम कंपायलर म्हणतात. नाव मोठं आहे, गोष्ट साधी. दुभाष्यानं बघत राहायचं, कोणती ओळ पुन्हा पुन्हा येते. पाचशे वेळा तीच ओळ आली की समजायचं ही आता हजारो वेळा येणार. मंग काम चालू असतानाच ती ओळ एकदाच काय ती मशिनीच्या आकड्यांच्या भाषेत लिहून हाताशी ठेवायची. पुढच्या ठिपक्याला चिठ्ठी उघडायचीच नाय. पाठ झालं.

सांगायला सोपं. पहिले तीन आठवडे मशीन मध्येच गोठायचं. एकदा तर त्यानं चांगली टमाटी, सडकी टमाटी आणि दीपमालाची चुकून पट्ट्यावर राहिलेली दुपारची भाकरी, सगळं सारखंच मानून पुढं फेकलं. दीपमाला म्हणाली, "भाकरी तरी वळखाया शिकवा तिला." पण एक दिवस जमलं. चाराची सतरा झाली. गोटीरामनं मला शेतातून हाका मारून बोलावलं. पट्टा असा पळत होता की टमाटी दिसत नव्हती, निस्ती लाल रेघ दिसत होती.

समर्थ आला, त्यानं मोबाईलवर मोजलं. "सतरा. तीन कमी हायेत, काका." त्याचंही चुकत नव्हतं. कंपनीच्या माणसाला त्यानं दसऱ्याची तारीख दिली होती.

गोटीरामनं घरी येऊन वेळ कुठं जातोय ते शोधलं. तर वेळ जात होता राखण्यात. त्यानं पाठ केलेल्या ओळीच्या तोंडाशी एक राखण्या बसवला होता. दर ठिपक्याला तो उठायचा, चिठ्ठीपाशी जायचा, पाठ केली तीच चिठ्ठी अजून आहे का बघायचा आणि परत यायचा. चिठ्ठी बदललेली दिसली तर तो पाठ केलेलं फेकून द्यायचा आणि दुभाष्या परत पहिल्यापासून वाचायला लागायचा. गोटीरामचं म्हणणं पडलं, चिठ्ठी बदलते दिवसातून तीन-चार वेळा, आणि हा उठतो कोट्यवधी वेळा. त्यानं राखण्या काढून टाकला. बावीस झाली.

त्यानं मला हे बांधावर सांगितलं. मी विचारलं, "मंग चिठ्ठी बदलली तर?"

"नवीन माल लावताना मशीन बंद करून चालू करतोच की आपण. बंद केलं की पाठ केलेलं सगळं जातं. परत नवीन पाठ करतंय."

त्याच्या चाचणीपुरतं ते खरं होतं. तो प्रत्येक चाचणीला मशीन बंद करून नव्यानं चालू करायचा. कारखान्यातही तसंच, माल बदलला की मशीन थांबवायचं, पुसायचं, मंग दुसरा माल. तेवीस वर्षं त्यानं तेच बघितलं. मी मान हलवली. मलाही त्या घडीला दुसरं काही सुचलं नाय, आणि मी तर एक दिवससुद्धा कारखान्यात नोकरी केलेली नाय.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात समर्थनं सावडीचा दिवस धरला. सावड म्हणजे आज सगळ्या घरांनी मिळून एकाचं काम उरकायचं, उद्या दुसऱ्याचं. मजुरी नाय, हिशोब नाय, हाताला हात. शेड झाल्यापासून आम्ही माल निवडायलाही सावड करतो. चार घरांचा माल एका दिवशी, चारही घरची माणसं. आणि आमच्याकडं सावडीत दोन घरांच्या मध्ये काम थांबवत नाहीत. पूर्वी मोटेवर नाय थांबवायचे, खळ्यात नाय थांबवायचे, आता पट्ट्यावर नाय थांबवत. एकाचा माल संपता संपता दुसऱ्याचा ओतायचा. मधे थांबलं तर हे माझं, ते तुझं, अशी रेघ मारल्यासारखं होतं. जुनी माणसं त्याला फार वाईट समजतात. हे आमच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. गोटीरामलाही होतं. पण ते त्याला एक गावकरी म्हणून ठाऊक होतं, आणि मशीन त्यानं मेंटेनन्सवाला म्हणून बनवलं होतं.

सकाळी आधी साळूबाईचा माल लागला. बावीसच्या वेगानं पट्टा पळाला. सगळे खूश. समर्थनं कंपनीच्या माणसाला फोन करून सांगितलं, राहू द्या म्हणून. साळूबाई जाळ्या भरताना म्हणाली, "गोटीराम, आरं जरा हळू कर, आमच्या हाताला दम तर खाऊ दे." त्याचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. लग्नात नवरदेवालाही एवढा मान मिळत नाय.

साळूबाईचं संपत आलं तसा आम्ही चौघांनी ठमाबाईचा माल ओतायला घेतला. ती कीबोर्डपाशी गेली, एका बोटानं तिनं पहिली ओळ बदलली, 'मागं'चं 'पुढं' केलं आणि जाऊन जाळी धरून बसली.

जाळीत टमाटं येईना. एखाद-दुसरं यायचं, बाकी काही नाय. वेग एवढा होता की पट्ट्यावरचं डोळ्यांनी कळत नव्हतं, आणि ट्रॉली भिंतीपलीकडं.

"भावजी, माझा माल येईना इकडं."

"येईल, वहिनी. आधीचा निघू द्या."

मिनिट गेलं. आम्ही ओततच होतो.

"भावजी, ती ऐकत नाय माझं. चिठ्ठी बदलली मी."

गोटीराम पडद्याकडं न बघता म्हणाला, "लिवताना काही ऱ्हायलं आसंल, वहिनी. परत लिवा एकदा."

ती उठली. पदरानं बोट पुसलं, सगळी ओळ खोडली, परत लिहिली. बाया बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, "कलेक्टरबाय, चष्मा आणा." ती हसली नाय. परत जाऊन बसली. जाळी रिकामीच.

ती गोटीरामकडं बघायला लागली. मी त्याच्या शेजारीच जाळी घेऊन उभा होतो. त्याचा हात मशीन बंद करायच्या लाल बटणाकडं गेला आणि अर्ध्यात थांबला. बटणाच्या वर आकडा दिसत होता, बावीस. त्याच्यापलीकडं समर्थ, मोबाईल घेऊन फिल्म काढत होता.

"आणखी एकदा बघा, वहिनी," तो म्हणाला. "सगळी चिठ्ठी नव्यानं लिवा. कुठंतरी चुकतंय तुमचं."

तिनं तिसऱ्यांदा लिहिलं. या वेळी प्रत्येक अक्षर तोंडानं पुटपुटत. शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखं. आणि ती लिहीत होती तोवर आम्ही ओतत होतो. कुणी सांगितलंच नाय थांबा म्हणून, आणि सावडीत आपण होऊन कोण थांबतं?

साळूबाई सुपारी थुंकायला भिंतीपलीकडं गेली म्हणून कळलं. ती तिथूनच म्हणाली, "गोटीराम, बंद कर. सगळं इकडं हाय."

आठ मिनिटांत एकतीस जाळ्या. मशिनीनं साळूबाईची चिठ्ठी पाठ केली होती. ठमाबाईनं तिकडं तीनदा लिहिलं, पण वाचायला कुणी उठतच नव्हतं. जुन्या वेगानं चाललं असतं तर तेवढ्या वेळात पाच जाळ्या गेल्या असत्या, सहा गेल्या असत्या.

ट्रॉलीत वरून पडून पडून सगळ्याचा चिखल झाला होता. ठमाबाई चाकावर पाय देऊन चढली, वाकून बघितलं, वरचं एक टमाटं उचललं, फुटकं होतं, परत ठेवलं. "गाई खातील," ती म्हणाली आणि खाली उतरली. साळूबाईनं आपल्या दहा जाळ्या तिला देऊ केल्या, तिनं घेतल्या नायत. समर्थ म्हणाला, "काकू, सॉफ्टवेअरचा घोळ हाय, व्हतं आसं." गोटीराम म्हणाला, "हां. घोळ झाला." एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ते दुरुस्त केलं. दोन ओळींचं काम. राखण्याची जागाच चुकली होती. दर ठिपक्याला त्यानं उठायची गरजच नव्हती. जिथं चिठ्ठी लिहितात तिथं त्याला बसवायचा. कुणी चिठ्ठीला हात लावला की त्यानं पाठ केलेलं फेकून द्यायचं, बास. नाय लावला तर झोपून राहायचं. वेग बावीसच राहिला, एक सुद्धा कमी झालं नाय. गोटीरामनं मला ते दाखवलं आणि लॅपटॉप मिटला. "हे आधी सुचलं आसतं तर काहीच गमवावं लागलं नसतं," तो म्हणाला. "परदेशातल्या लेखात व्हतं बी. मी ते पान वाचलं व्हतं."

त्यानं ठमाबाईला शेडात बोलावून दाखवलं. चिठ्ठी बदलली, लगेच टमाट्याची वाट बदलली. ती म्हणाली, "बरं झालं." समर्थ म्हणाला, "घ्या काकू, लिवा आता."

"तुम्हीच लिवा," ती म्हणाली. "माझ्या हातून चुकतं."

त्यानंतर तिनं तीन वेळा माल आणला. तिन्ही वेळा ती उभी राहून तोंडानं सांगायची आणि दुसरं कुणीतरी लिहायचं. चौथ्या वेळी आलीच नाय. इतर बायांनीही धसका घेतला, चालू पट्ट्यात चिठ्ठीला हात लावायला कुणी तयार होईना. मंग समर्थनं सगळ्यांची मिळून एक चिठ्ठी ठरवली, लांबच्या बाजाराची, आणि कीबोर्ड कपाटात ठेवून दिला. आता ते मशीन सेकंदाला बावीस टमाटी निवडतं आणि वर्षभर एकच चिठ्ठी वाचतं. चिठ्ठी बदलायचीच नसती तर दुभाष्याही लागत नव्हता, पाठ करायची सगळी खटपटही लागत नव्हती. तीन बटणांचं मशीन आणलं असतं तरी चाललं असतं. हे गोटीराम मला सांगत नाय. पण त्याला ते माझ्याआधी समजलेलं आहे.

माघात एक दिवस तो माझ्याकडं आला, म्हणाला, "वहिनीकडं जायचंय. चल बरोबर." मी विचारलं, काय काम? म्हणाला, "काम नाय."

ठमाबाई अंगणात पोत्यावर बसून हातानं टमाटी निवडत होती. दोन टोपल्या, एक पुढची, एक मागची. आम्ही ओट्यावर टेकलो. तिनं चहाचं विचारलं, त्यानं नको म्हणलं. जरा वेळ पाण्याचं, पोरांचं, येवल्याला दिलेल्या तिच्या लेकीचं झालं. मंग तो म्हणाला, "वहिनी, तुमचं लिवणं बरोबर व्हतं. तिन्ही येळा."

"हां. समर्थ म्हणला ना, मशिनीत घोळ व्हता."

"घोळ आपोआप झाला नव्हता. चिठ्ठी बदलली का बघणारा एक राखण्या व्हता तिच्यात. वेग वाढावा म्हणून मीच काढला व्हता. चालू पट्ट्यात बदललेलं ती ऐकणार नाय, हे मला ठावं व्हतं."

तिचे हात थांबले नायत. एक टमाटं फिरवून बघितलं, पुढच्या टोपलीत टाकलं. दुसरं बघितलं.

"म्हणजे मी पयल्यांदा सांगितलं तव्हाच तुम्हाला कळलं व्हतं?"

"पयल्यांदा नाय. दुसऱ्यांदा लिवून बसल्या तुम्ही, तव्हा कळलं."

"मंग तिसऱ्यांदा कामून लिवाया लावलं, भावजी?"

मला उठून जावंसं वाटलं. गोटीराम दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसला होता. खोटं सांगायला त्याला जागा होती; घाबरलो म्हणता आलं असतं, गोंधळलो म्हणता आलं असतं. पण तो म्हणाला, "सगळे बघत व्हते, वहिनी."

"माझ्याकडं बी बघत व्हते," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं उठून पोतं झटकलं, मागची टोपली त्याच्याकडं सरकवली आणि म्हणाली, "जाताना एवढी गाईपुढं टाका." गोटीरामनं टोपली उचलली. गोठ्यापर्यंत जायला वीस पावलं होती, त्याला बराच वेळ लागला.